वाळवण बघून घेतलेलं घर

चंद्रपुरात बिऱ्हाड करायचं हे आम्ही एका संध्याकाळी ठरवलं. चंद्रपुरात नेमकं कुठं, हे ठरवता ठरवता मात्र माझ्या नाकी नऊ आले. अजूनही गावाकडचं कोणी, चंद्रपूरला चांदाच म्हणणारं, फोन करून विचारतं, "बाई, चांद्यात राहाले कोनती वस्ती चांगली?" आणि मी उलट यंदाच्या धानाचं विचारते. काय सांगू? मलाच कळलं असतं तर सांगितलं असतं.

आमचं गाव नागभीडजवळ, धानाच्या बांध्यांमधलं, भातशेतीचं. नवरा घुग्घुसला, मालगाडीत कोळसा भरतात तिथं, एका ठेकेदाराकडे कामाला. (मी त्याला 'तू' म्हणते. एकाच शाळेतले आम्ही. गावाला ते अजून पचलेलं नाही.) घुग्घुसला तो चौघापाचांत मिळून एका खोलीत राहायचा. सुट्टी मिळाली की यायचा, आणि धुतलेले कपडे वाळेपर्यंत त्याची जायची वेळ व्हायची. मुलगी तेव्हा चौथीत होती. दारात मोटरसायकल थांबली की आत येऊन सांगायची, "आई, पाहुने आले." सख्ख्या बापाला पाहुणे! एकदा त्यानं उचलून घ्यायला हात पुढं केले तर ही माझ्या पाठीमागं लपली. तो हसला, पण जेवताना त्यानं ताटातून मान वर केली नाही. मी म्हटलं, आता पुरे झालं. जे काय व्हायचं ते होवो, एका छपराखाली राहायचं.

पण पोरीला दमा. घरामागं धानाची मळणी सुरू झाली, भुसा उडाला, की हिची छाती वाजायला लागायची. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला होता आणि बजावलं होतं, धुळीपासून जपा. आणि आम्ही निघालो कुठं, तर कोळशाच्या मुलखात! घुग्घुसला नेणं शक्यच नव्हतं. तिथं सकाळी पुसलेल्या मोटरसायकलच्या सीटवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. म्हणून मधलं ठिकाण चंद्रपूर. तो रोज तिथून ये-जा करेल आणि आम्ही जरा बऱ्या हवेत राहू. लांब राहिलो तर पोरीचा बाप जातो, फार जवळ गेलो तर तिचा श्वास. या दोन्हींच्या मधे बसेल अशी एक गल्ली मला पाहिजे होती.

पोरीला माझ्या आईकडे ठेवलं, रेल्वेनं चांदा फोर्ट स्टेशनला उतरले आणि नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून घर शोधायला लागले. पहिल्यांदा पडोलीकडं गेलो, कारण घुग्घुसचा रस्ता तिथूनच निघतो, त्याला सोयीचं. रस्त्यावर ट्रकांची रांग, आणि झाडांची पानं कोणत्या रंगाची ते ओळखू येईना.

"उतर तं, खोली पाहू," तो म्हणाला.

"काही नाई उतरत. मले इथूनच दिसून राह्यलं."

मग दुर्गापूरच्या बाजूला एक घर पाहिलं. अंगण, पेरूचं झाड, विहिरीला पाणी. माझं मन बसलं. घरवाली म्हणाली, "हवा मस्त हाय जी इथी. फक्त अंधार पडला का लेकराले बाहेर नका सोडू. बिबट्या येते." दूधवाला येतो म्हणावं तसं म्हणाली! अहो, आम्ही मोहफुलं वेचायला जातो तेसुद्धा घोळका करून, बोलत बोलत, कारण जंगलात वाघ असतो हे आम्हाला माहीत आहे. पण शहरात भाडं भरून राहायचं आणि तिथंही बिबट्या? तेवढ्यात मांडणीवरची भांडी खणखणली. मी दचकले. "काई नाई," ती म्हणाली, "खाणीत ब्लास्टिंग करून राह्यले." मी पायात चप्पल घातली.

पठाणपुरा दरवाज्याबाहेर एक खोली मिळत होती, गारेगार, स्वस्तही. पण भिंतीवर माझ्या कमरेइतक्या उंचीवर एक मातकट रेघ होती. "हे काय जी भाऊ?" तर म्हणे, नदीचं पाणी चढलं होतं. "दर साली नाई येत," असंही वर सांगितलं, जसं काही माझ्यावर उपकारच. तुकूमला फ्लॅट आवडला, तर मालकानं आडनाव विचारलं आणि ते ऐकल्यावर त्याला आठवलं की फ्लॅट कालच गेला.

आणि सल्ले! नवऱ्याच्या कामावरचा एक जण म्हणाला, वारा कोणीकडून येतो ते पाहा आणि त्याच्या उलट बाजूला राहा. आम्ही ते धरून एक वस्ती ठरवली, तर तिथला औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला, उन्हाळ्यात बरोबर आहे, हिवाळ्यात वारा फिरतो. मग हिवाळ्यात काय सामान बैलगाडीत घालून हिंडायचं? एक म्हणे काही झालं तरी उत्तरेला राहा, दुसरा म्हणे कुठंही राहा पण उत्तरेला नको. कशाचा कशाला मेळ नाही. तर्रीपोह्याच्या गाड्यासमोर उभ्या उभ्या आमचं भांडण झालं.

"कोनतं तरी एक बोल न!" तो ओरडला.

"अन् पोरीले झालं काई तं? तू बोल न मंग. या भागात तं तूच राह्यतं!"

पोहेवाला प्लेटी हातात धरून थांबला होता. आम्ही गुपचूप खाल्ले.

त्या दिवशी आईला फोनवर सगळं रडगाणं गायले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अवं बाई, हवा का लोकाले इचारून समजते? गच्चीवर पाह्य. बाया वाळवण कुठी घालून राह्यल्या ते पाह्य. वर्षाचं खानं कोनी धुळीत घालत नाई."

मला एकदम हायसं वाटलं. आमच्याकडे हे असंच असतं. उन्हाळ्यात लाखोळीच्या डाळीच्या वड्या, कुरोड्या, पापड घालायचे तर बाया आधी जागा पारखतात. रस्त्याकडंच्या घराची बाई आपली बाज उचलून मागच्या आळीत जाते, तिथल्या अंगणात घालते आणि दिवसभर कावळे हाकत बसते. जिथं वड्या पांढऱ्या वाळतात तिथली हवा चांगली. याला डॉक्टर कशाला लागतो?

दुसऱ्या दिवसापासून मी घरं बघणं सोडून दिलं आणि गच्च्या बघायला लागले. मोटरसायकलवर मान वर करून बसायची. नवरा कपाळाला हात लावायचा. एका गल्लीत दोनदा फिरलो तर एका माणसानं अडवलं, "कोनाले पाहून राह्यल्या बाई?"

"वड्या," मी म्हटलं. तो बाजूला झाला.

आणि मग वडगावच्या अंगाला ती गल्ली आली. एकेका गच्चीवर जुनी लुगडी अंथरलेली आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरोड्या, पापड, वड्या. सगळ्या गल्लीभर! मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "थांबव. इथंच." त्यानं विचारलं, आधी खोली तरी पाहायची का? मी म्हटलं, खोलीचं काय पाहायचं, खोली खोलीसारखीच असते. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर, आम्ही वरच्या. आठवड्याभरात सामान आणलं.

सुरुवातीचे दिवस आठवले की आजही बरं वाटतं. पोर आधी त्याच्याकडं चोरून बघायची. मग एक दिवस त्यानं तिला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून गल्लीत चक्कर मारली, आणि तिथून जी चिकटली ती चिकटलीच. संध्याकाळी लांबून गाडीचा आवाज आला की वही टाकून जिना उतरायची, फाटकातच त्याच्या अंगावर उडी. गळ्याला हात, नाक त्याच्या शर्टात. "बाबा, आज काऊन उशीर केला?" वरून बघताना माझे डोळे भरून यायचे. यासाठीच तर आलो होतो आपण.

पण तिची छाती वाजायची थांबेना. उलट वाढलं. संध्याकाळ झाली की खोकला, मग पंप. मला कळेना. हवा चांगली, गल्ली चांगली, मग हे काय? म्हटलं, आपणही वाळवण घालून बघू. सकाळी गच्चीवर वड्या घातल्या, दुपारी उलटायला गेले तर प्रत्येक वडीवर काळे कण, बारीक मिरी कुटून भुरभुरल्यासारखे. मी तशीच ताट घेऊन मालकीणबाईंकडे उतरले.

"हे काय हो बाई? तुमी तं सगळे वरतेच घालता!"

त्यांनी एक वडी उचलली, पदराला घासली आणि परत ठेवली. "मंग का वर्षभर वड्या नाई खाव का? गच्ची एवढीच हाय. वरून पातळ लुगडं टाकतो, सांजच्याले झटकून घेतो, भाजीत टाकताना धुतो. झालं."

मी ताट घेऊन पायरीवरच बसले. आईचं काही चुकलं नव्हतं. आमच्या गावात बाज उचलून जायला मागची आळी असते. मी चांद्याच्या बायांना ते लागू केलं होतं आणि वड्या बघून पोरीचा श्वास भाड्यानं घेतला होता. स्वतःचाच इतका राग आला की ताट आपटावंसं वाटलं. पण डाळ महाग, नाही आपटलं.

नवऱ्याला म्हटलं, पुन्हा घर शोधू. तो म्हणाला, आता काय पाहून शोधणार? त्यातच त्याच्या कामावर माणसं कमी पडली आणि त्याला काही दिवस घुग्घुसलाच मुक्काम करावा लागला. पोर रुसली, संध्याकाळी फाटकात जाऊन बसायची. पण त्या दिवसांत खोकला कमी झाला. पंप फळीवर पडून राहिला. मी म्हटलं, वारा फिरला असेल. तो परत आला, पोरीनं उडी मारली, गळ्याला लोंबकळली, आणि दिवे लावायच्या आत तिची छाती वाजायला लागली. पुन्हा त्याची तिकडं मुक्कामाची पाळी लागली, पुन्हा तसंच. मग मात्र मी धुवायला टाकलेला त्याचा शर्ट उचलून झटकून पाहिला.

रोज मीच धुवायची त्याचे कपडे. लग्नापासून धूत होते. पहिलं पाणी शाईसारखं काळं निघायचं आणि ते मी मोरीत ओतून द्यायची. साऱ्या शहराच्या गच्च्या धुंडाळल्या, भिंतीवरच्या रेघा पाहिल्या, वारा विचारला, आणि धूळ रोज आपल्याच फाटकातून माझ्या नवऱ्याच्या अंगावर बसून वर येत होती! डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "असू शकतं. बाहेरच्या हवेचंही असू शकतं. दोन्हीचं असेल." म्हणजे पुन्हा तेच. धड हे नाही, धड ते नाही.

त्याला सांगायला मला फार जड गेलं. त्यानं आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "आंगोळ करून मंगच लागीन मी तिच्या आंगाले." दुसऱ्या दिवशी ती जिना उतरून धावली आणि हा फाटकात मागं सरकला. "नको लागू मले! थांब तिथंच!" आवाज जरा चढलाच त्याचा. पोर जागच्या जागी थांबली. त्यानं मागच्या नळावर अंग घासून घासून धुतलं, कपडे बदलले, वर आला, तोवर ती भिंतीकडं तोंड करून अभ्यासाला बसली होती. तिला समजावलं, तुझ्यासाठीच आहे गं हे. तिनं मान हलवली. पण नंतर गाडीचा आवाज आला तरी ती उठायची नाही. नळावर अंगाचा कोळशाचा वास जाईना म्हणून तो पुन्हा पुन्हा साबण लावायचा आणि ही वहीतून डोकं काढायची नाही. एकदा त्यानं मला हळूच विचारलं, "मी घुग्घुसलेच राहू का?" मी भाकरी थापत होते. थापत राहिले. हो म्हटलं असतं तर काय उरलं असतं, आणि नको कोणत्या तोंडानं म्हणू?

त्यानंतरची एक संध्याकाळ. गाडी वाजली आणि पोर उठली. माझा मोठा दुपट्टा खुंटीवरून ओढला. इथं स्कूटीवरच्या मुली बांधतात तसा नाकातोंडावरून, मानेवरून गुंडाळला, मागं घट्ट गाठ मारली. फक्त डोळे उघडे. मला काही कळायच्या आत ती जिना उतरली. मी मागं धावले. फाटकात तो नेहमीसारखा मागं सरकला, म्हणाला, "आंगोळ करू दे न बेटा." तिनं ऐकलंच नाही. दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला मिठी मारली, त्या काळ्या शर्टाला गाल लावला. त्यानं आपले हात वर उचलून धरले, तिला लागू नयेत म्हणून.

"मी बांधून घेतलं न बाबा," ती दुपट्ट्याआडून ओरडली, "आता धर न मले!"

हात तसेच वर धरून त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला ओरडायचं होतं, तिला ओढून घ्यायचं होतं. काय बरोबर ते मला तेव्हाही कळलं नाही. मी म्हटलं, "धर."