मनसारामभाऊंची सोमवारची बैठक

वडशाजवळच्या एका गावात तलाव-दुरुस्तीच्या प्रकल्पाची बैठक मनसारामभाऊ सहा वर्षं दर सोमवारी घेत आले होते. ते बोलत, तलावात मासेमारी करणारी ढिवर मंडळी माना डोलावत आणि दुपार सरून जाई.

मग प्रकल्पाची नवी प्रमुख म्हणून रीता रुजू झाली. तिने सोमवारची बैठक बंद करून महिन्यातून एकच ठेवली, तीही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभ्याउभ्या. अर्ध्या तासात कामं वाटून घेऊन लोक मोकळे होत. तलावात वर्षानुवर्षं माजलेली बेशरमची झुडपं दोन महिन्यांत निघाली. गावात जो तो रीताबाईंचं नाव घेऊ लागला, आणि ते ऐकलं की मनसारामभाऊ तिथून उठून जात.

शेवटी त्यांनी हट्टाने आपली सोमवारची बैठक बोलावली. ढिवरांपैकी एकटी कुंता आली, खांद्यावर जाळं घेऊन.

"भाऊ, मले तलावावर जाचं हाय. आज काय ठरवाचं हाय, तेवढं सांगा."

त्यांनी खूप आठवून पाहिलं. ठरवायचं असं काहीच नव्हतं.

रीताच्या पुढच्या बैठकीला ते पाळीवर सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. तिने त्यांनाच विचारलं, "भाऊ, गाळ पयले कुठून काढाचा?"

तलावाचा तळ त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. "उगवतीकडून. नाला तिथीच माती आणून टाकते."

लोकांनी लगेच फावडी उचलली. मनसारामभाऊंना बरं वाटलं, पण पुरतं नाही. सहा वर्षांत असा एक प्रश्न आपण कुणाला विचारला नाही, ही जळजळ घरी पोचेपर्यंत गेली नाही.