सोबतीला बहीण

एका सकाळी चहाचा कप माझ्या उजव्या हातातून सुटला. तोंड वाकडं झालंय हे मात्र मला कळलंच नाही. बायको गेल्यापासून माझ्या तोंडाकडे बघणारं घरात कोणी नाही. दूधवाला म्हणाला, "गुरुजी, तोंड काऊन वाकडं झालं?" त्यानंच दवाखान्यात नेलं.

पुढे हात सुधारला, तोंडही सरळ झालं. पण मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी आली कुठून, ते डॉक्टरांना कळेना. संशय हृदयावर होता. छातीवरून केलेल्या तपासणीत नीट दिसलं नाही, म्हणून घशातून नळी घालून हृदय मागच्या बाजूनं बघायचं ठरलं. कारण सापडलं नाही तर दुसरा झटका कधीही येईल, आणि तो एवढ्यावर भागवणार नाही, असं त्यांनी बजावलं.

पुण्याच्या पोराला मी यातलं काहीच कळवलं नव्हतं. तो आधी रागावतो, मग रजा काढतो, मग रजा काढावी लागली म्हणून पुन्हा रागावतो. देऊळगाव राजाहून उपाशीपोटी एसटीनं एकटाच बुलडाण्याला गेलो.

"सोबत कोण आहे?" नर्सनं विचारलं.

"कोणी नाही."

"मग नाही होणार. गुंगीचं औषध देतो आम्ही. घरचं माणूस लागतं."

जन्मभर दुसऱ्यांची पोरं सांभाळली, मला सांभाळायला माणूस कशाला, असं काहीबाही मी बोललो. नर्सनं सरळ पुढच्या पेशंटला हाक मारली. मी पिशवी उचलली.

आमच्याकडे बाकावर बसलं की आधी गाव विचारतात, मग नातं आपोआप लागतं. शेजारी धाडची एक बाई होती, नवऱ्याची औषधं न्यायला आलेली. गाव विचारून झालं तेव्हाच मी तिचा भाऊ झालो होतो. ती उठली.

"काऊन वापस लावता त्यायले? मी हाये ना संगं. बहीण हाये त्यायची."

नर्सनं तिची सही घेतली.

शुद्धीवर आलो तेव्हा ती खाटेजवळच होती. डॉक्टर मला नाही, तिलाच सांगत होते. "हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात गुठळी सापडली. तिथूनच तुकडा मेंदूत गेला. आता रक्त पातळ करायची गोळी. एकही चुकवायची नाही. आणि भावाला एकटं ठेवू नका."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नाही ठेवत, साहेब."

कारण सापडलं याचा आनंद व्हायला हवा होता. मी तिच्या त्या तीन शब्दांनाच धरून बसलो. इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

बसस्टँडपर्यंत ती सोबत आली, वाटेत तिनं पुण्याच्या पोराचंही विचारून घेतलं. धाडची गाडी लागलेली होती. चढता चढता ती म्हणाली, "पोराले आताच फोन लावा, भाऊ. मी डॉक्टरले शब्द देला हाये."

मी लावला. सगळं सांगितलं. अपेक्षेप्रमाणे तो भडकला.

"एकटे गेलात, बाबा?"

"नाही रे. बहीण होती सोबत."

त्याचा आवाज एकदम उतरला. म्हणाला, "बाबा, तुम्हाला कुठे बहीण आहे?"

धाडची गाडी स्टँडाबाहेर पडत होती. खिडकीतून ती हात हलवत होती.

"आत्ताच गेली," मी म्हणालो.