पोटगीचं जेवण

"आधी मूल जेवताना पाहू, मग आकडा बोलू," असं म्हणून आमचे वकीलसाहेब पोटगीचे कागद बाजूला सारायचे. चाळीसच्या दशकात शेवगावात मी त्यांचा कारकून होतो. पोटगी ठरते ती बापाची कमाई आणि मुलाची गरज पाहून, हे सगळेच वकील सांगत. आमच्या साहेबांना मात्र ती गरज ताटात वाढलेली दिसायला हवी असे. वहिनीसाहेब कपाळाला हात लावत, आणि चूल पेटवत.

साहेब पान खाऊन तावातावानं बोलू लागले की समोरच्याच्या धोतरावर नक्षी उठे. जुने पक्षकार हातभर लांबच बसत.

एकदा बाजाराचा माल वाहणारा एक गाडीवान आला. तो बायकोपासून वेगळा झाला तेव्हा मुलगा तान्हा होता आणि कोर्टानं महिना चार रुपये ठरवले होते. आता मुलगा सहा वर्षांचा झाला होता, लढाईमुळं धान्य कडाडलं होतं आणि गाडीवानाची भाडीही वाढली होती. म्हणून बाईनं आठ रुपये मागितले होते.

"येवढंसं पोर. अर्धी भाकर खात आसंल," गाडीवान म्हणाला. तू कधी पाहिलंस, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तो बाहेर आपल्या बैलांकडं बघू लागला.

साहेबांनी बाईच्या वकिलाला सांगून मायलेकांना जेवायला बोलावलं, आणि वाढायला उभं केलं आपल्याच पक्षकाराला. असला वकील तुम्ही तरी पाहिलाय का? पोरानं दोन भाकरी हाणल्या आणि वाटी पुढं केली.

"काका, आजून कालवन वाढा की."

बाईनं मान खाली घातली. गाडीवानानं वाढलं, पण निम्मं जमिनीवर सांडलं. मला त्याची फार दया आली.

कोर्टात त्यानं आठ रुपये आपणहून कबूल केले. खटला हरून इतका खूश झालेला वकील मी दुसरा पाहिला नाही. मग गाडीवान चाचरत मॅजिस्ट्रेटना म्हणाला, "सायेब, पैसं मनिआर्डरीनं नगं. मी सोता आनून देईन. पोरानं मला वळखावं."

सगळे बाईकडे बघू लागले. तिनं पदर सारखा केला.

"दारापातूर यावं," ती म्हणाली. "आत घ्यायचं का न्हाई, ते पोरगं ठरवील."

साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते त्या निकालानंतरच्या महिन्याच्या पहिल्या तारखेचे. कोर्टातून परतताना काही काम नसताना ते मला घेऊन त्या बाईच्या गल्लीत वळले. दारासमोर गाडी सोडलेली होती, बैल कडबा खात होते. गाडीवान बाहेर कुठंच दिसत नव्हता. साहेबांनी मला ओठांवर बोट ठेवून खूण केली, जोडे काढून हातात घेतले आणि चवड्यांवर चालत मागं फिरले.