फटफटीच्या पेटीची खुंटी

मी डोक्यानं तापट. त्यातून कोणी माझ्या हातच्या कामाला नाव ठेवलं की संपलंच. या तापटपणापायी आमच्या घरचं एक वांगं जगातून गेलं. लोक ऐकून हसतात. हसू द्या.

लढाई संपली तेव्हा माझा मोठा भाऊ लष्करातली ड्रायव्हरकी सोडून घरी आला, आणि येताना लिलावातली एक जुनी फटफटी घेऊन आला. वाशीमच्या शिवेवर आमचा भाजीचा मळा. मोट, बैल, चिखल आणि मधोमध ही हिरवी फटफटी. तिच्या मागच्या चाकाशी, धुराच्या नळीच्या अगदी वर, पत्र्याची एक पेटी होती. पेटीचा कोयंडा शाबूत होता, पण झाकणाची कडी फटफटी आली तेव्हापासूनच मोडलेली. खड्ड्यात चाक गेलं की झाकण टाळ्या वाजवायचं.

भाऊ म्हणाला, "लोहाराकडून नवी कडी ठोकून आनू."

"कायले?" मी म्हणालो. "मोटेचं चाक मी बसवतो, अन् मले एक कडी जमत नाई?"

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," म्हणाला, आणि बिडी पेटवून बांधावर बसला. झालं. त्यानंतर लोहाराचं कोणी नाव जरी घेतलं असतं तरी मी भांडलो असतो.

जुन्या मोटेचं चामडं पडून होतं. त्याचा चार बोटं रुंद पट्टा कापून, झाकणाला भोकं पाडून शिवला, त्याला चीर पाडली, चीर कोयंड्यात अडकवली आणि कोयंड्यातून बाभळीची खुंटी घातली. खुंटी आधी थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं तिथं, रात्रभर भिजवून ठेवली होती. आमच्याकडं हीच रीत. मोटेच्या चाकाच्या खुंट्या अशाच भिजवून ठोकतात, त्या फुगतात आणि वर्षभर हलत नाहीत. भावानं दोन्ही हातांनी झाकण ओढून पाहिलं. हललं नाही. मला तेवढंच पाहिजे होतं.

आता वांग्याचं सांगतो. माझ्या मायनं माहेरून एक बी आणलं होतं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं वांगं, भरताला असं की तेल कमी पडलं तरी चालायचं. आणि त्याला काटा नव्हता. देठाला नाही, पानाला नाही, कुठंच नाही. बाजारात बाया न बघता हात घालायच्या आमच्या टोपलीत. दरसाल पहिलं चांगलं फळ माय झाडावरच पिवळं होऊ द्यायची, बी धुऊन राखेत घोळून वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरायची. तुंब्याला ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. फटफटी आली त्या साली उंदरांनी तुंबा कुरतडून बी खाल्लं. माय दिवसभर जेवली नाही. मग तिला आठवलं की शिरपूरच्या मावशीला तिनं कधीकाळी बी दिलं होतं.

वैशाखात मी फटफटी घेऊन शिरपूरला निघालो. माय म्हणाली, "कमरेले बांधून आनजो. त्या डब्यात नोको ठिवू, बापा."

मावशीला दिसत नव्हतं. मळा कधीच मोडला होता. तिनं चाचपडत उतरंडीतून लाल लुगड्याच्या चिंधीची एक पुरचुंडी काढली, अंगठ्याएवढी. "इतकंच उरलं," म्हणाली. "सांग तुह्या मायले, आता दोघी बहिनीचं मिळून इतकंच हाये."

मी पुरचुंडी धोतराच्या सोग्यात बांधली. खरंच बांधली होती. मग फटफटीजवळ आलो, पेटी दिसली, आणि भावाची ती बिडी आठवली. घरी पोचल्यावर त्याच्यासमोर खुंटी काढीन, झाकण उघडीन आणि आतून बी काढून मायच्या हातावर ठेवीन, असं मनात आलं. सोगा सोडला. पुरचुंडी पेटीत ठेवली, खुंटी दगडानं ठोकली. घट्ट बसली.

मोटेच्या खुंटीवर दिवसभर पाणी पडत असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आम्हा मळेवाल्यांना वाळलेल्या खुंटीची सवयच नाही. वर वैशाखाचं ऊन, खाली धुराची तापलेली नळी. फटफटीच्या आवाजात झाकणाचा आवाज कुठला ऐकू येतो! घरी उतरलो तेव्हा झाकण उघडं होतं, पट्टा लोंबत होता, पेटीत फुफाटा. माय वाफ्याजवळ बसली होती. खत चाळून, माती भुसभुशीत करून तिनं वाफा तयार ठेवला होता.

ती रागावली नाही. भावानं निदान शिवी द्यायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पायी निघालो, रस्त्याच्या दोन्ही कडा बघत. खुंटी आधी सापडली. वाळून इतकी बारीक झाली होती की माझीच मला ओळखू येईना. पुढं बऱ्याच अंतरावर बोरीच्या झुडपाला लाल चिंधी लटकलेली. गाठ आपोआप सुटलेली नव्हती, कोणीतरी सोडलेली होती. आत पैसा असेल वाटलं असेल, निघालं बी, दिलं झटकून. मी त्या बोरीखालची माती दोन्ही हातांनी खरडून उपरण्यात भरली. रस्त्यानं जाणारे गाडीवान थांबून बघत होते. मला त्यांची लाज वाटली नाही, माझीच वाटत होती.

मायनं ती माती सुपात पाखडली. नजर बारीक करून एकेक दाणा वेचला. नऊ दाणे निघाले. तिनं ते बोटानं वाफ्यात टोचले आणि वर ओलं तरट घातलं.

सात उगवले. मी रोज सकाळी बैल जुंपण्याआधी वाफ्यावर जायचो. दोन पानं, मग चार. माय झारीनं पाणी घालत असायची, उन्हासाठी घातलेलं तुरखाटीचं, तुरीच्या काड्यांचं, छप्पर सरकवत असायची. मी तिला म्हणालो, "माय, लागलं पाह्य बी." ती म्हणाली, "हो."

महिन्याभरानं एका रोपाजवळचं गवत काढताना बोटात काटा शिरला. वाकून पाहिलं. देठाला काटे, पानाच्या शिरेवर काटे, पिवळे, सुईसारखे. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सातही काटेरिंगणी होती, रस्त्याच्या कडेला कुठंही उगवते ती, बी दिसायला वांग्यासारखंच. त्या मातीत मायचं बी एकही आलं नव्हतं.

माय मागं झारी घेऊन उभी होती.

"तुले समजलं व्हतं?" मी विचारलं.

"दोन पानावरच समजलं."

"मंग महिनाभर पानी काहून घालून राह्यली?"

"तू रोज येऊन पाहून राह्यला व्हता ना," ती म्हणाली.

आणि झारीत पाणी उरलं होतं, ते तिनं त्याच वाफ्यात ओतलं.