बोलावणं

आमच्या घराण्यात माणसाचा मान टोपी-दुपट्ट्यात मोजतात. लग्नात पहिली टोपी कोणाच्या डोक्यावर गेली आणि पहिला दुपट्टा कोणाच्या गळ्यात पडला, एवढ्यावरून सख्खी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. याला स्वाभिमान म्हणतात. मला विचाराल तर हा निव्वळ रिकामटेकडेपणा आहे.

माझ्या लग्नात बाबांनी पहिला मान माझ्या सासऱ्यांना दिला. सासरे हॉलंडचे. त्यांनी हसत टोपी घातली, दुपट्टा घेतला आणि उकडायला लागल्यावर दोन्ही खुर्चीच्या पाठीवर टाकून जेवायला बसले. बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, हे बघत होते. आपल्या आधी ज्याला मान मिळाला त्याला त्याची कदरही नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. ते न जेवता नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या घरी निघून गेले. बाबांनी समजूत काढायला जायचं नाही, कारण ते थोरले. काकांनी यायचं नाही, कारण ते रुसलेले. दोन म्हातारे आपापल्या घरी फुगून बसले आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना तसं बसू दिलं.

मग बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. धंतोलीतल्या दवाखान्यात ते दाराकडे डोळे लावून पडलेले असत. दार उघडलं की मान वळवायचे, आलेला माणूस दुसराच कोणी निघाला की तोंड भिंतीकडे करायचे. भाऊ हवा होता, पण तसं म्हणायला जीभ रेटत नव्हती. काकांना फोन लावू का विचारलं तर म्हणाले, "त्याले मालूम नाही का? साऱ्या नागपूरले मालूम आहे."

ऑपरेशनच्या सकाळी माझा नवरा चहा प्यायला खाली गेला. वर आला तो खूश होऊन. खाली टपरीवर तुझे काका भेटले, म्हणाला, बराच वेळ बसले आहेत, फार सभ्य माणूस. वर का येत नाही असं यानं आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, तेव्हा काका म्हणाले की बोलावणं नाही. याच्या देशात आजाऱ्याला न विचारता त्याच्या खोलीत शिरणं म्हणजे त्याच्या अब्रूवर घाला. अंगावर दवाखान्याचा झगा घालून पडलेल्या माणसाला कोणी बघावं, हे त्या माणसानंच ठरवायचं. काका भावाची अब्रू जपताहेत असं समजून यानं आदरानं त्यांचा हात हातात घेतला, निरोप घेतला आणि एकटाच वर आला. खुद्द जावई आपला हात धरून वर नेईल म्हणून काका उठून उभेसुद्धा राहिले होते, हे त्यानंच मला कौतुकानं सांगितलं.

मी धावत खाली गेले. काका स्कूटर काढून गेले होते. परत वर येईपर्यंत बाबांना आत नेलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. बाबा बोलायला लागल्यावर मी रागारागानं सगळं सांगितलं. वाटलं होतं, भावाला निदान एक शिवी घालतील. त्यांचे डोळे भरून आले.

"खालपर्यंत आला होता? मंग त्याले घ्यायले कोणी काहून नाही गेलं वं?"

म्हणजे चूक आमची. मी त्याच दिवशी काकांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "दादानं सांगितलं का तुले फोन करायले?" मी नाही म्हणताच त्यांनी फोन ठेवला. बाबांना एकदा स्वतः बोला म्हटलं, तर ते म्हणाले की आजारी माणसानं का फोन करायचा. अशा माणसांपुढे डोकं फोडून घेण्यात अर्थ नव्हता. मी नाद सोडला.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. काकांना आमच्याकडून कोणी कळवायच्या आधीच, कुठून तरी ऐकून, ते आले. कोणाची वाट न बघता सरळ आत शिरले, बाबांच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडले आणि खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. मला ते रडणं बघवेना, आणि चीडही आवरेना. आज कोणी बोलावलं, असं मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं.

त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि लहान मुलीला समजवावं तसं मला सांगितलं, "मयतीले बोलावणं लागत नाही वं."