हॉर्नबीतला फुटबॉलवाला शेजारी

बाबा पहिल्यांदा आमच्याकडे न्यूझीलंडला, हॉर्नबीत सहा महिने राहायला आले, तेव्हा आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी फार्मसीत, नवरा हॉस्पिटलात नर्स. बाबा दिवसभर एकटे. दुपारी डेरीपर्यंत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाऊन दूध आणायचे आणि मग खिडकीशी बसायचे.

शेजारी साठी ओलांडलेला एक ऑस्ट्रेलियन राहायचा. बायको इथली, म्हणून इकडे आलेला. पुढे ती वारली आणि हा इथेच राहिला. तरुणपणी तो मेलबर्नमध्ये पगारी फुटबॉलपटू होता. म्हणजे त्यांचा तो ऑस्ट्रेलियन रूल्सचा फुटबॉल, लांबुळक्या चेंडूचा.

एका शनिवारी मी कामावरून आले तर दोघं कुंपणाशी उभे. पंजे पसरून एकमेकांना बोटं दाखवत होते. त्याची करंगळी वाकडी, बाबांची अनामिका.

"कबड्डी," बाबा म्हणाले.

"फुटी," तो म्हणाला.

त्यानंतर दर शनिवारी तो आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर चहाला यायचा. आलं घातलेला चहा त्याला फार आवडायचा. टॅबलेटवर त्याच्या जुन्या मॅचेस लावायचा आणि मी मध्ये बसून दुभाष्याचं काम करायचे.

"अगं, हा त्याच्या खांद्यावर चढला की! पंच झोपलाय का?" बाबा ओरडायचे.

"चालतं ते," तो हसून सांगायचा. "चेंडू झेलायला चढायचंच असतं."

हळूहळू त्याची सगळी गोष्ट कळली. मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेला. अठराव्या वर्षी शहरातल्या क्लबने उचललं. दहा सीझन खेळला. नाक मोडलं, खांदा दोनदा निखळला. उडी मारल्यावर खालून गर्दीचा जो आवाज यायचा, तसा आवाज पुन्हा कुठेच ऐकला नाही म्हणायचा.

शेवट कसा झाला, ते बाबांनीच विचारलं.

"एका मंगळवारी सरावानंतर कोचने खोलीत बोलावलं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी तू नाहीस, म्हणाला. दोन मिनिटांत संपलं. बूट पिशवीत टाकले आणि घरी जायच्या ऐवजी समुद्रावर जाऊन बसलो. बायकोला चार दिवस सांगितलंच नाही. सरावाला म्हणून रोज घरातून निघायचो."

मी मराठीत सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला.

"विचार त्याला, त्या चार दिवसांत जेवायचा कुठे?"

"गाडीत," तो म्हणाला. "बेकरीतून मटणाचा पॅटिस विकत घ्यायचो. हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं." मग त्याने बाबांकडे बोट केलं. "आणि तुम्ही का थांबलात?"

बाबा भोसरीच्या एका कारखान्याच्या संघातून खेळायचे. गुडघ्यामुळे सोडलं, असंच मी लहानपणापासून ऐकत आले होते.

"सांग त्याला," बाबा म्हणाले, "मुलगी झाली. बायकोची तब्येत नाजूक. सकाळी घरात कुणीतरी हवं, म्हणून कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली. सराव संध्याकाळी असायचा."

मी जुनंच कारण पुढे केलं. "नी," मी त्याला इंग्रजीत म्हटलं, म्हणजे गुडघा.

"नी नाही म्हटलं मी," बाबा म्हणाले. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. "नीट सांग."

मी नीट सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"हिचा रागही यायचा काही दिवस," बाबा हसले. "पाळण्यात होती, हिला काय कळणार! हेही सांग त्याला."

तेही सांगितलं. त्याने पुढची मॅच लावली.

बाबा पुण्याला परत गेले. पुढच्या वर्षी आले तोवर घर विकून तो ऑस्ट्रेलियाला मुलीकडे राहायला गेला होता. जाण्याआधी मला फार्मसीत भेटून गेला. आमच्या भागातल्या पार्कात पोरंपोरी फुटी खेळतात, तिथे बाबांना घेऊन जा, म्हणाला.

पहिल्यांदा मी सोबत गेले. आता ते जाकीट घालून एकटेच जातात, सीमारेषेपाशी उभे राहतात. तिथली माणसं त्यांना "किया ओरा" म्हणतात, तो माओरी नमस्कार, बाबाही जमेल तसं उत्तर देतात. रात्री जेवताना मला सांगतात, आज कोण चांगलं उडालं.