मुराळ्याची गाडी

आमच्या पाटणकडं नागपंचमीला सासरी असलेल्या बहिणीला आणायला जो जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याच्या अंगी काही गुण लागत नाही. जावं, जेवावं, बहिणीला घेऊन परत यावं. मला तेवढंही जमलं नाही.

बहीण आटपाडीला दिलेली. चुलतभावाच्या लग्नात दाजींच्या आधी दुसऱ्याच पाव्हण्याला फेटा बांधला गेला, तेव्हापासून दाजींनी तिला माहेरी धाडलं नव्हतं. यंदा आईनं फोनवर रडूनभेकून त्यांना मऊ केलं. ते म्हणाले, "मुराळी सोता गाडी घिऊन येऊ द्या. मग बघू." त्या 'बघू'वर आई पुढचे सगळे दिवस तरंगत होती.

गाडी होती. माझ्या थोरल्या मुलीपेक्षा वयानं मोठी. संध्याकाळी उभी केली की सकाळी बॅटरी ठार. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी स्वतःच दोष शोधायला बसलो. बॅटरीची एक वायर काढायची आणि मधे छोटा बल्ब जोडायचा. गाडी बंद असून बल्ब पेटला तर करंट कुठंतरी गळतोय. मग एकेक फ्यूज उपसत जायचं. ज्यानं बल्ब विझेल, तिथं चोर. एका फ्यूजनं बल्ब मंदावला. उन्हात मी तो विझलाच असं धरलं आणि मोठ्यानं बायकोला हाक मारली. ती पीठभरल्या हातानं आली.

"आवं, पर दार उघडं हाय की गाडीचं. आतला दिवा लागलाय, त्योच इझला आसंल."

चोर म्हणून मी घरच्याच दिव्याला धरलं होतं. शेवटी गॅरेजवाल्यानं सांगितलं, अल्टरनेटर आतून करंट खातोय. पार्ट पंचमीनंतरच येईल. तोवर गाडी उभी केली की बॅटरीची वायर काढून ठेवत जा. मी रोज काढत होतो. आटपाडीला निघालो तेव्हा वायरीचा नट काढायचा पानासुद्धा आठवणीनं सीटखाली ठेवला होता.

दाजींच्या दारात गाडी लावली तेव्हा सगळी भावकी कट्ट्यावर बसलेली. दाजी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "जुनी हाय, पर लय झ्याक ठिवलीया पाव्हण्यांनी."

झालं. एवढ्या कौतुकानंतर चारचौघांत बॉनेट उघडून आजार कोण दाखवतो? वायर तशीच राहिली. मी भाकरी खाऊन झोपलो.

सकाळी बहीण नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसली. चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्. कट्ट्यावरचं कुणीतरी म्हणालं, "उतर गं बाई तू, वजन कमी हुईल." ती उतरली. भावकीनं गाडी ढकलत नेली आणि गल्लीच्या टोकाला इंजिन धडधडलं. वळवून मी परत दारात आलो. पण आता एक्सलेटरवरचा पाय उचलायची सोय नव्हती.

दाजी उंबऱ्यात उभे. "निरोप घ्यायला मुराळी खाली बी उतरत न्हाई व्हय?"

"उतारलो तर बंद पडंल दाजी!" मी खिडकीतून ओरडलो. कट्टा खो खो हसला.

"मंग वाटंत बंद पडल्यावर हिनं ढकलायची?"

बहीण हळूच म्हणाली, "मी येष्टीनं जाते की."

"येष्टीनं जायला तुला भाऊ न्हाई?"

तिनं माझ्याकडं बघितलं. खाली उतरून दाजींचा हात धरावा, झालं गेलं विसरा म्हणावं, एवढंच काम होतं. गाडी बंद पडली असती, तर पडली असती. मी मात्र एक्सलेटर आणखी दाबला. तिचा काही शब्द आला असेल तर त्या आवाजात मला ऐकू आला नाही. ती पिशवी घेऊन आत गेली.

विट्याला चहाला थांबलो नाही की कराडला. घरासमोर आलो तेव्हा आई रस्त्यावरच उभी. तिनं पुढची मोकळी सीट बघितली, मग मागचं दार उघडून आत वाकली.

"न्हाई आली," मी म्हणालो.

तिनं दार लावलं. "पंचमी उद्या हाय. कराडातनं येष्टी मिळंल आजून. त्येंच्या पाया पड, पर आण तिला."

"दम जरा, बॅटरीची वायर काढतो," म्हणत मी पाना घेऊन बॉनेटखाली वाकलो. नट एकच. तो मी इतका वेळ काढत बसलो की आता येष्टी गेली असेल, असं मला आईला सांगता आलं.